एकाच जिल्ह्यात रांग आणि नकार

मे 2021मध्ये वसई-विरारकर कोविड लशीच्या स्लॉटसाठी मोबाइलला डोळे लावून बसले होते. शहरात जमेना तेव्हा काहींनी थेट ग्रामीण पालघरमधली केंद्रं गाठली. तिथल्या आदिवासी पाड्यांवर मात्र अनेकजण लस म्हटलं की काढता पाय घेत.

लशीची ही धास्ती नवी नव्हे. प्लेगवरची लस शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत बनवली आणि 10 जानेवारी 1897ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. तरी अफवा उठतच राहिल्या. 1902मध्ये पंजाबातल्या मलकोवालला लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले, मग तर बोलायलाच नको! माझ्या मते लोक सुईपेक्षा ती घेऊन येणाऱ्या सरकारला जास्त बिचकत: 1897च्या प्लेगमध्येच पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून माजघरापर्यंत झडत्या घेत होते.