शाखांची कुंपणे आणि पदवीची नवी रचना

दहावीचा निकाल हाती पडला, की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "कोणती शाखा घेणार?" कला, वाणिज्य आणि विज्ञान ही तीन दारे; एकातून आत गेले की उरलेली दोन जणू कायमची बंद. ज्या मुलीला गणित आवडते आणि शिलालेखही वाचावेसे वाटतात, तिने काय करावे, याचे उत्तर या तीन दारांपाशी मिळत नाही. वडील मंडळी तिला धरसोडीची ठरवून मोकळी होतात. वस्तुतः अशा विद्यार्थ्यांसाठीच विद्यापीठांनी बहुविद्याशाखीय पदवीची कल्पना काढली आहे. ती काय आहे आणि आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांस तिचा कितपत लाभ होईल, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी तब्बल चाळीस वर्षे अध्यक्ष होते. पूर्वी तेथे ग्रीक, लॅटिन, गणित असा ठरीव अभ्यास सर्वांना सारखाच असे. एलियट यांनी ही सक्ती हळूहळू काढून टाकली. शतक संपत आले तेव्हा पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनावाचून सक्तीचे असे फारसे काही उरले नव्हते. परिणाम मात्र सर्वस्वी चांगला झाला नाही. कष्टाळू विद्यार्थ्यांनी या मोकळिकीचे सोने केले. इतरांनी सोपे सोपे प्राथमिक अभ्यासक्रम गोळा केले आणि कोणत्याच विषयात खोल न जाता पदवी घेतली. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी म्हणून नवा नियम घातला: काही अभ्यास एकाच क्षेत्रात एकवटलेला असावा आणि उरलेला निरनिराळ्या क्षेत्रांत वाटलेला असावा. आज आपल्याकडे 'मुख्य' आणि 'दुय्यम' विषय म्हणून जे सांगितले जाते, त्यामागे हाच अनुभव आहे.

या नियमाखाली शिकलेला एक विद्यार्थी आपल्या अगदी जवळचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. वडील पालीचे थोर पंडित. त्यांच्यासमवेत मुलगा अमेरिकेस गेला आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. व्यवसायाने ते गणिती. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. पण त्यांचे गणित फळ्यावर थांबले नाही. तक्षशिलेस सापडलेली प्राचीन चांदीची नाणी त्यांनी एकेक करून तराजूत तोलली. नाणे जितका काळ हातोहात फिरते, तितके ते झिजते व हलके होते. तेव्हा वजनांचा संख्याशास्त्रीय हिशेब मांडून नाण्यांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. नुसत्या इतिहासकाराला हे सुचले नसते आणि नुसत्या गणित्याला नाण्यांशी काय कर्तव्य! त्याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आनुवंशिकीत त्यांच्या नावाचे सूत्र रूढ झाले आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. हे सारे पदवीने दिले असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक त्यांनी स्वतःच मिळवले. मात्र अनेक भाषा व विषय शिकण्यास तेथे आडकाठी नव्हती, आणि गणिताचा पाया पक्का होता. या दोहोंपैकी एक नसते, तर नाणी तोलण्याचे सुचले तरी तो हिशेब मांडता आला नसता.

आता आपल्या देशाकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांची कुंपणे सैल करण्याचे ठरवले आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याचे माप म्हणजे 'श्रेयांक'. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्यास एक तास व्याख्यान ऐकले, की एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र त्यासाठी दोन तास द्यावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. तीन वर्षांच्या पदवीत निदान ६० मुख्य विषयाचे व २४ दुय्यम विषयाचे. याखेरीज ९ श्रेयांक इतर विद्याशाखांतील विषयांचे, तेही बारावीस न शिकलेल्या. म्हणजे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी अर्थशास्त्र किंवा संगीत यांची तोंडओळख करून घेऊ शकतो. पण कणा एकाच विषयाचा राहतो.

मिळवलेले श्रेयांक २०२१ पासून एका शैक्षणिक पेढीत जमा ठेवता येतात. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबले, तर ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यातील ४ श्रेयांकांचे व्यावसायिक शिक्षण यांवर प्रमाणपत्र मिळते, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येते. त्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात फारसे मोल येईल असे आम्हांस वाटत नाही. परतीची वाट मोकळी राहते, हा मात्र खरा लाभ आहे. वडिलांच्या आजारपणात कॉलेज सोडावे लागलेल्या किती मुली पूर्वी पुन्हा त्या दारात आल्या?

सीमाभागात राहणाऱ्यांपुढे यात एक विशेष पेच आहे. कर्नाटकाने ही नवी रचना २०२१-२२ मध्येच स्वीकारली होती. परंतु मे २०२४ मध्ये राज्य शासनाने ती सोडून तीन वर्षांची पदवी पुन्हा आणली. गोव्यात नवी रचना २०२३-२४ पासून आली, तर महाराष्ट्रातील सर्व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. त्यामुळे बेळगावात राहून पदवी घेणाऱ्याची रचना एक, आणि कोल्हापूरला किंवा पणजीला जाणाऱ्या त्याच्या वर्गमित्राची दुसरी. मध्येच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याने आपले श्रेयांक तेथे धरले जातील असे गृहीत धरू नये. प्रवेशापूर्वी लेखी उत्तर घ्यावे.

मोकळिकीलाही मर्यादा आहेत. ज्याने दहावीनंतर गणित सोडले, त्याला पुढे संख्याशास्त्र मुख्य विषय म्हणून सहसा मिळणार नाही. वैद्यक व अभियांत्रिकीच्या वाटा निराळ्याच आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही विषयाची पदवी चालते. पदव्युत्तर प्रवेशास आणि शिक्षकी पेशास मात्र पदवीत कोणता विषय किती शिकला हे पाहिले जाते. चौथ्या वर्षाचे शुल्क व राहण्याचा खर्च हाही पालकांनी आधीच हिशेबात घ्यावा.

माहितीपत्रकात विषयांची यादी लांबलचक असते, शिकवणारे प्राध्यापक मात्र त्यातील मोजक्याच विषयांना असतात; वेळापत्रकात दोन आवडीचे विषय एकाच तासाला येतात आणि निवड कागदावरच राहते. म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयात जाल तेव्हा यादी बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षी कोणकोणत्या विषयांचे वर्ग प्रत्यक्ष भरले, एवढे विचारून घ्या.