शिरोरेषा जोडा, मग पातं फिरवा

क्रिकट किंवा सिल्हुएट कॅमिओसारखं घरगुती कटिंग मशीन म्हणजे शाईऐवजी पातं बसवलेला प्रिंटरच. कार्डस्टॉक किंवा व्हिनाइल चिकट मॅटवर लावायचं, की संगणकावर आखलेल्या रेषेवरून पातं फिरतं. नेहमीची मॅट 12 इंच रुंद असते. छोट्या क्रिकट जॉयवर मात्र कापाची रुंदी सुमारे 4.5 इंचच मिळते.

सुरुवात डब्यांच्या लेबलांनी करावी: हळद, मेतकूट, साबुदाणा. देवनागरीची खरी परीक्षा इथेच होते. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या तशाच ठेवल्या, तर पातं जोडांवरही फिरतं आणि शब्दाचे तुकडे होतात. म्हणून आधी ‘वेल्ड’ करून शब्द एकसंध करायचा. कापून झाल्यावर नको असलेलं व्हिनाइल चिमट्याने काढायचं आणि ट्रान्सफर टेपने अख्खा शब्द उचलून डब्यावर बसवायचा.

रांगोळीच्या स्टेन्सिलमध्ये अडचण वेगळीच. ‘शुभ दीपावली’ कापलं, की ‘व’च्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला बारीक पट्ट्यांचे पूल आखावे लागतात. कागद पटकन मऊ पडतो, त्यामुळे प्लास्टिकची शीट बरी.

कापडी पिशवीवर नाव हवं असेल, तर इस्त्रीने चिकटणारं व्हिनाइल घ्यावं. ते आरशातल्यासारखं उलटं कापतात, आणि इस्त्री वाफेविना फिरवतात.

दिवाळीआधीचा एखादा रविवार आकाशकंदिलासाठी राखून ठेवावा: जाळी कार्डस्टॉकची, आतून रंगीत जिलेटिन आणि मध्ये गरम न होणारा एलईडी दिवा.