क्रियापदाचा अधिकार : लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे कार्य

मराठी शिकविणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव परिचित असतो. कानडी किंवा तेलुगू मातृभाषेचा विद्यार्थी मराठी बोलू लागला म्हणजे 'मी गेलो' म्हणावे की 'मी गेले', येथे हमखास अडखळतो. त्याच्या भाषेत स्वतःविषयी बोलताना क्रियापदाला लिंग सांगावे लागत नाही; आमच्या भाषेत ते पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. हा नियम आमच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात कोणाची कुचंबणा होत असेल अशी शंकाही आम्हांस येत नाही. परंतु समाजाने देह पाहून एक क्रियापद नेमून दिले आणि मनाने मात्र दुसरेच उच्चारले, अशा मनुष्याने काय करावे? लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे सार्वजनिक कार्य या प्रश्नाशी निगडित असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांनी त्याचा परिचय करून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. जन्मतः नोंदविलेले लिंग आणि स्वतःला प्रतीत होणारे लिंग ज्यांच्या बाबतीत जुळत नाहीत, त्यांना अलीकडे 'पारलिंगी' असे म्हणतात. 'तृतीयपंथी' हा मराठीत त्याहून अधिक रुळलेला शब्द होय. 'हिजडा' हा शब्द मात्र केवळ देहाचे किंवा मनाचे वर्णन करीत नाही. तो एका समाजसंस्थेचा वाचक आहे. तिच्यात गुरू आणि चेला हे नाते आहे, घराणी आहेत, पंच आहेत, बधाई मागण्याची रीत आहे. म्हणून प्रत्येक पारलिंगी व्यक्ती हिजडा नसते. आम्ही सुशिक्षितांनी मात्र या शब्दाची शिवी केली, आणि तिच्याआडची माणसे आम्हांस दिसेनाशी झाली.

कायद्यानेही याहून निराळे केले नाही. ब्रिटिश सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात या लोकांसाठी स्वतंत्र भाग होता. संशयित ठरलेल्यांची नोंदवही ठेवावयाची; नोंदलेल्या मनुष्याने स्त्रीवेष करून रस्त्यावर आल्यास किंवा जाहीरपणे नाचगाणे केल्यास त्यास दोन वर्षांपर्यंत कैद; त्याने दत्तक घ्यावयाचे नाही, मृत्युपत्र करावयाचे नाही. हैदराबाद संस्थानानेही 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, अशाच स्वरूपाचा कायदा केला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो 2023 च्या जुलै महिन्यात. एका नोंदवहीची छाया किती लांब पडते, याचे हे उदाहरण आमच्या हैदराबादकर वाचकांच्या अगदी दारातील आहे.

लक्ष्मी यांचा जन्म ठाण्यास, मूळच्या उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणी दमा, नाचण्याची ओढ, त्यावरून होणारी चेष्टा आणि लैंगिक अत्याचार हे सर्व त्यांनी सोसले; त्याविषयी त्या पुढे उघडपणे बोलल्या. त्यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले, मुंबईच्या मिठीबाई महाविद्यालयात अध्ययन केले, नृत्य शिकविले, बारमध्येही नाचल्या. कुमारवयात त्यांची गाठ अशोक राव कवी यांच्याशी पडली आणि दोष आपल्यात नाही, हा धीर त्यांस मिळाला. पुढे त्या मुंबईतील एका गुरूच्या चेला झाल्या. मात्र त्यांच्या आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढले नाही. ही गोष्ट लहान नव्हे. या समाजातील असंख्य जणांचे शिक्षण ज्या दिवशी घर सुटते त्याच दिवशी सुटते. लक्ष्मी यांना घर राहिले, शाळा राहिली, इंग्रजी राहिली. आणि ज्यांचे हे सर्व गेले, त्यांच्या वतीने बोलण्याचे सामर्थ्य त्यांना त्यातून लाभले.

2002 मध्ये त्या मुंबईतील दाई वेल्फेअर सोसायटीच्या अध्यक्षा झाल्या. हिजडा समाजात एच.आय.व्ही.ने मोठा कहर केला असता, त्याच समाजातील माणसांनी चालविलेली ही संस्था होती. महाराष्ट्र सरकारने 2005 मध्ये डान्स बारवर बंदी घातली, तेव्हा तिच्या विरोधात त्या रस्त्यावर उतरल्या. 2007 मध्ये त्यांनी 'अस्तित्व' ही संस्था स्थापिली, आणि 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर आशिया-प्रशांत विभागाचे प्रतिनिधित्व केले.

साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 2012 होय. वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले त्यांचे आत्मकथन 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' त्या वर्षी मराठीत प्रसिद्ध झाले. पुढे 2015 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. म्हणजे ही कहाणी इंग्रजीतून आमच्याकडे आली नाही, तर मराठीतून इंग्रजीत गेली. ज्या शब्दाने इतरांनी हिणविले तोच शब्द येथे 'मी'च्या शेजारी बसून ग्रंथाचे नाव झाला आहे. दलित आत्मकथनांनी मराठीस हा मार्ग आधीच दाखविला होता.

'मी'चा हाच आग्रह न्यायालयातही धरला गेला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात 2012 मध्ये दाखल केलेल्या याचिकेत लक्ष्मी यांनी हस्तक्षेप करून आपली कैफियत मांडली. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी 15 एप्रिल 2014 रोजी निर्णय दिला. आपण पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे; त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर होय; शिक्षण व नोकरीत या समाजास मागासवर्ग मानून आरक्षण द्यावे, असा त्याचा आशय आहे. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झालेल्यांची संख्या 4,87,803 होती; इतक्या नागरिकांना 'इतर' या एका शब्दापलीकडे ओळख असू शकते, हे या निर्णयाने मान्य केले.

अर्थात निर्णय म्हणजे अंमलबजावणी नव्हे. 2019 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घातली. पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास कमाल शिक्षा दोन वर्षांची ठेवली. स्त्रीवरील बलात्कारास मात्र किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. या दोन्ही तरतुदींवर समाजातून तीव्र टीका झाली. स्वतः लक्ष्मी यांच्या मार्गाविषयीही मतभेद झाले. 2015 मध्ये त्यांनी किन्नर आखाडा स्थापिला आणि 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थात त्याची पेशवाई निघाली. इंदूर-उज्जैनकडील आमच्या वाचकांपैकी काहींनी ती पाहिलीही असेल. ज्यांना रस्त्यात टाळले जाई त्यांच्या दर्शनास गर्दी लोटली, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु हिजडा घराण्यांत हिंदू व मुसलमान रीती पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. तेव्हा एका धर्माच्या छत्राखाली मिळणारी प्रतिष्ठा सर्वांच्या वाट्याला येईल काय, असा प्रश्न त्याच समाजातील अनेकांनी विचारला. तो रास्त आहे, असे आम्हांस वाटते. कोणत्याही पुढाऱ्याचा आवाज हा सर्व समाजाचा आवाज नसतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी भाषकांना रकान्याचे दुःख अगदीच अपरिचित नाही. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहावयाचे ते आपण सांगावयाचे, की समोरच्या लेखनिकाने ठरवावयाचे, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांनी अनुभविला आहे. दोन्ही दुःखे सारखी आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमच्या दुःखात घर सुटत नाही. पण त्या स्मरणाने आम्हांस दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे सोपे जावे.

शिक्षकांस तर हे काम उद्याच करण्याजोगे आहे. वर्गातील एखादे मूल 'गेलो'ऐवजी 'गेले' म्हणाले, तर ती चूक व्याकरणाची आहे की ते मूल आम्हांस काही सांगू पाहत आहे, याचा निवाडा हशा पिकण्याआधी करावा. आमच्या भाषेत 'मी आहे' या वाक्याला लिंग नाही, आणि 'मी शिकेन' या वाक्यालाही नाही. निदान तेवढी दोन वाक्ये तरी त्या मुलाला निर्भयपणे म्हणता यावीत, इतके पाहणे आमच्या हाती आहे.