डुप्लिकेट चावीने कारचं दार उघडतं, पण गाडी सुरू का होत नाही?

चौकातल्या चावीवाल्याकडून कारची डुप्लिकेट चावी करून घेतली. दार उघडलं, चावी फिरलीही. पण इंजिन काही सुरू होत नाही. चावीवाल्याने फसवलं का? बहुतेक वेळा नाही. दात जुळले, पण आतली चिप नाही. म्हणूनच आपली चावी कोणत्या प्रकारची आहे, हे माहीत असायला हवं.

साधी चावी

जुन्या गाड्यांना अशी निव्वळ धातूची चावी असायची. दात जुळले की काम झालं. डुप्लिकेट स्वस्तात होते, पण चोरालाही ते तितकंच सोपं.

चिपवाली चावी

१९९०च्या दशकात चोऱ्या रोखण्यासाठी इमोबिलायझरचा वापर वाढला. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत छोटी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीची कॉइल तिला ऊर्जा देते. चिपचा कोड गाडीने ओळखला, तरच इंजिन सुरू होतं. त्यामुळे नवी चावी नुसती कापून भागत नाही, ती प्रोग्रामही करावी लागते.

रिमोट चावी

बटण दाबलं की दारं उघडतात किंवा लॉक होतात. बॅटरी संपली तर बटणं बंद पडतात, पण चावी फिरवून गाडी सुरू करता येते.

स्मार्ट चावी

ही खिशात असली तरी पुरते. गाडी सिग्नल पाठवते, चावी उत्तर देते. बॅटरी संपली तर आत लपवलेली धातूची चावी काढून दार उघडावं. मग बहुतेक गाड्यांत स्मार्ट चावी स्टार्ट बटणाजवळ किंवा ठरलेल्या जागी धरली की इंजिन सुरू होतं.

धोका मात्र वेगळा आहे. घरातल्या चावीचा सिग्नल उपकरणाने गाडीपर्यंत पोहोचवून चोर गाडी पळवू शकतात. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात चावी ठेवल्यास सिग्नल बराच अडतो.

चावी हरवली तर?

सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाका. मग तिने इंजिन सुरू होणार नाही. पण तिच्या दातांनी दार उघडू शकतं, म्हणून गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नका.

सेकंड हँड गाडी घेताना सगळ्या मूळ चाव्या मागून घ्या. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दाव्याच्या वेळी सहसा त्या मागतात.