खोक्याचा कोपरा घडीत नव्हे, आखणीत ठरतो

कळंब हे मांजरा नदीकाठचे बाजाराचे गाव. कळंब, भूम आणि वाशी या तालुक्यांतील खवा व पेढे दूरच्या शहरांत जातात. माल उत्तम असतो, मेहनत भरपूर असते, पण परगावी खोके उतरविताना त्याचा कोपरा फाटलेला किंवा दबलेला दिसला की घेणारा भाव पाडून मागतो. तोटा बसतो तो माल पाठविणाऱ्याला. खोके मात्र बहुतेक व्यापारी लांबी, रुंदी, उंची आणि दर एवढेच विचारून घेतात. म्हणून पन्हळी पुठ्ठ्याचा कोपरा सरळ आणि मजबूत कसा होतो, हे या अंकात थोडक्यात समजून घेऊ.

भार कोपराच पेलतो

साधे पोस्टकार्ड टेबलावर उभे राहत नाही. तेच मधोमध काटकोनात दुमडले की उभे राहते. खोक्याचेही तसेच आहे. वर वजन आले की बाजूच्या भिंती मध्यावर फुगतात आणि भार सोडून देतात. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना धरून असतात, म्हणून तो टिकतो. थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा यावा असे जाणकार सांगतात ते यासाठीच. विटांसारखी सांधे मोडून लावलेली थप्पी हलत नाही, पण खालच्या खोक्याच्या कमकुवत भागावर वजन पडते.

घडी वाकडी का जाते?

थ्री प्लाय पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद खळीने चिकटविलेला असतो. त्यामुळे आत बारीक नळ्यांची ओळ तयार होते. खोक्यात या नळ्या उभ्या असाव्यात. त्या खांबासारखे काम करतात. आडव्या ठेवल्या तर खोके दिसायला तसेच दिसेल, पण वजनाखाली लवकर बसेल.

यातच खरी अडचण आहे. नळ्या उभ्या असल्या की चारही कोपऱ्यांच्या घड्या नळ्यांना समांतर येतात. पुठ्ठ्याला आपल्या रेघेवर नव्हे, तर जवळच्या पोकळ जागी मोडणे सोपे जाते. चार मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात दोन नळ्यांमधील अंतर साधारण आठ मिलिमीटर असते. म्हणजे घडी तीन-चार मिलिमीटर सहज सरकते. चार कोपऱ्यांत मिळून खोके तिरके होते आणि वरची झाकणे जुळत नाहीत.

आम्ही जुन्या खोक्याचे दोन तुकडे घेऊन हे करून पाहिले. एक तुकडा नुसता दुमडला, तर घडी भरकटली. दुसऱ्यावर पट्टी ठेवून चमच्याच्या दांड्याने आतल्या बाजूने रेघ दाबली आणि रेघेच्याच बाजूला दुमडला. घडी सरळ आली. कारखान्यात हेच काम मशीनची चाके करतात. या रेघेला क्रीज म्हणतात. ती नळी पुरती दबेल इतकी रुंद हवी, पण कागद फाटेल इतकी खोल नको.

जाडीचा हिशेब

पुठ्ठा दुमडला की त्याची जाडी आतली जागा खाते. समजा आतले माप ३०० × २०० × १५० मिलिमीटर हवे आहे आणि पुठ्ठा ४ मिलिमीटर जाड आहे. तर भिंती ३०४, २०४, ३०४ आणि शेवटची २०२ अशा आखाव्यात. शेवटच्या भिंतीची एक कड कापलेली असते, म्हणून तिला कमी वाढ लागते. उंचीला दुप्पट जाडी धरून १५८. झाकणाच्या पाकळ्या रुंदीच्या निम्म्या, म्हणजे १०२. जोडपट्टी ३५ धरली तर एकूण कागद १०४९ × ३६२ मिलिमीटर लागतो. मशीनप्रमाणे एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून पूर्ण माल काढण्याआधी एक नमुना घडवून त्यात माल भरून पाहावा.

पाकळ्यांमधील खाच बरोबर घडीच्या रेघेपर्यंत यावी. अलीकडे थांबली तर कोपरा फुगतो व फाटतो. पलीकडे गेली तर कोपऱ्याला भोक पडते आणि मिठाईच्या मालाला मुंग्या लागतात.

हवामानाकडेही लक्ष हवे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कागद कोरडा पडून घडीवर तडकतो, तर पावसाळ्यात ओल धरून मऊ होतो. गठ्ठे भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावेत.

एक चूक, एक धंदा

पन्हळी कागदाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली निघाले, ते टोपीच्या अस्तरासाठी. १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तो काचसामान गुंडाळण्यासाठी आणला. ब्रुकलिनचे रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात १८७९ मध्ये घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि कागदी पिशव्या कापल्या गेल्या. नुकसान झाले, पण कापणे व घडी पाडणे एकाच साच्यात होऊ शकते हे त्यांनी ओळखले. आजची घडीची खोकी त्यातूनच पुढे आली.

घेणाऱ्याने विचारावे, बनविणाऱ्याने सांगावे

खोकी मागविताना सहा गोष्टी विचाराव्यात: माप आतले की बाहेरचे, प्लाय किती, कागदाचा जीएसएम किती, नळ्या उभ्या की आडव्या, जोड पिनांचा की चिकटविलेला, आणि नमुना कधी मिळेल. खाण्याच्या मालाला चिकटविलेला जोड बरा, कारण पिन सुटून मालात पडण्याची भीती राहत नाही.

आमच्या समाजातील जे तरुण हा व्यवसाय करतात किंवा करू इच्छितात, त्यांना एक हदीस आठवावीशी वाटते. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषित (स.) यांनी हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपल्यातला नाही, असे बजावले. गठ्ठ्याच्या मध्ये दडविलेला ओला पुठ्ठा आणि सांगितल्यापेक्षा हलका कागद यांनाही हाच न्याय लागू आहे. खोक्याचा कमकुवत कोपरा कळंबमध्ये दिसत नाही, तो मुक्कामाला पोचल्यावर दिसतो. तोपर्यंत एखाद्या गरिबाचा माल गेलेला असतो. आखणी चोख आणि बोलणे खरे असेल, तर इन्शाअल्लाह या रोजीत बरकतच आहे.