घोरणे, निद्राश्वसनरोध आणि विस्कॉन्सिनचा अभ्यास

डाराडूर घोरणाऱ्याला गाढ झोप लागली आहे, ही समजूत घरोघरी आढळते. प्रत्यक्षात घोरणे हा झोपेत सैलावलेल्या घशाच्या अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरल्याने होणारा आवाज असतो. काहींच्या बाबतीत ही वाट पुरती मिटते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत शिरत नाही, रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन घशाचे स्नायू ताणतो, तेव्हा मोठ्या आचक्यासरशी श्वास पुन्हा सुरू होतो. या विकाराला निद्राश्वसनरोध किंवा स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. किमान 10 सेकंद टिकणारे असे खंड आणि श्वास बराच उथळ होण्याचे प्रसंग यांची ताशी सरासरी म्हणजे या विकाराचा निर्देशांक. तो 5 झाला की दखल घेतली जाते, 15 पासून विकार मध्यम आणि 30 पासून तीव्र मानला जातो. रात्री शेकडो वेळा जाग येऊनही सकाळी त्यातले काहीच आठवत नाही, त्यामुळे तक्रार बहुधा शेजारी झोपणाऱ्याचीच असते.

हा विकार विरळा असून तो लठ्ठ, वयस्क पुरुषांनाच जडतो, हा समज वैद्यकातही दीर्घकाळ टिकला, कारण माहितीचा मुख्य आधार रुग्णालयात पाठवले गेलेले रुग्ण हाच होता आणि त्यांत पुरुषांचाच भरणा असे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील रोगपरिस्थितीविज्ञानाच्या अभ्यासक टेरी यंग यांनी रुग्णांऐवजी नोकरी करणाऱ्या सामान्य माणसांची रात्रभराची झोप तपासली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, 30 ते 60 वयोगटातील 602 स्त्री-पुरुषांच्या तपासणीवरून 24 टक्के पुरुषांत आणि 9 टक्के स्त्रियांत निर्देशांक 5 किंवा त्याहून अधिक असल्याचा अंदाज निघाला. मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी आरोग्य तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वर्षांच्या शहरी पुरुषांचा अभ्यास केला. 2004 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा 19.5 टक्के होता. वजनाचा वाटा मोठा आहे हे खरे. विस्कॉन्सिनच्याच पाहणीत वजन 10 टक्क्यांनी वाढल्यास निर्देशांक सुमारे 32 टक्क्यांनी वाढतो असे दिसले. तथापि, मागे सरकलेला खालचा जबडा किंवा सुजलेले टॉन्सिल सडपातळ माणसाचीही वाट अडवू शकतात.

दिवसा पेंग येत नसेल तर काळजीचे कारण नाही, हा समज अधिक फसवा आहे. यंग यांच्या पाहणीत वाढलेला निर्देशांक आणि दिवसाची अतिनिद्रा या दोन्ही गोष्टी केवळ 4 टक्के पुरुषांत आणि 2 टक्के स्त्रियांत एकत्र आढळल्या. म्हणजे बहुसंख्यांना ती खूण जाणवतच नव्हती. त्याच गटाचा पुढे माग घेऊन पॉल पेपर्ड, यंग आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवून दिले की ताशी 15 किंवा अधिक प्रसंग असणाऱ्यांत चार वर्षांनंतर उच्च रक्तदाब आढळण्याचे ऑड्स, म्हणजे एखादी गोष्ट असण्याचे नसण्याशी असलेले प्रमाण, एकही प्रसंग नसणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. वजन, वय आणि मूळचा रक्तदाब यांचा प्रभाव हिशेबात घेऊनही हा संबंध उरला, यातच या निष्कर्षाचे वजन आहे.

उपचाराच्या यंत्राविषयीही दोन टोकांचे समज आहेत. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली लॅन्सेटमध्ये पाच रुग्णांवरील अनुभव मांडून पुढे आणलेले सीपॅप यंत्र ऑक्सिजन पुरवत नाही. ते खोलीतलीच हवा सतत दाबाखाली नाकावाटे सोडून घशाची वाट उघडी धरते. तोवर तीव्र विकारावर मानेत छिद्र पाडून श्वासनलिका उघडणे हाच खात्रीचा उपाय होता. मात्र हे यंत्र लावले की हृदयविकार टळतो, असेही म्हणता येत नाही. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या 2717 जणांवरील सेव्ह चाचणीत, जिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले, यंत्रामुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात घटले नाहीत. घोरणे आणि पेंग मात्र कमी झाली. सहभागींनी यंत्र रात्री सरासरी 3.3 तासच वापरले, हे अपयशाचे एक संभाव्य कारण आहे, परंतु तेवढ्यावरून निष्कर्ष झटकून टाकणे योग्य ठरणार नाही. शिवाय दिवसा अतिशय पेंग येणाऱ्यांना या चाचणीतून वगळले होते, त्यामुळे वाहन चालवताना डुलकी लागणाऱ्या चालकाने तिचा हवाला देऊन यंत्र बाजूला ठेवण्यास मुळीच आधार नाही.