वेबसाईटवरील मजकुराची चोरी : रोपवाटिकाधारकांनी काय करावे?

अमरावतीला येणारा परगावचा माणूस बरेचदा बडनेऱ्याला उतरतो. संत्र्याची कलमे घ्यायला आलेला शेतकरी पूर्वी इथूनच विचारपूस करीत पुढे जायचा. आता ती विचारपूस घरून निघण्यापूर्वीच होते. मोबाईलवर ‘संत्रा कलमे अमरावती’ असे लिहिले की गूगल काही नावे दाखवते आणि वरच्या दोन-चार नावांनाच फोन लागतो. खाली कोण आहे ते पाहण्याइतका वेळ कोणाजवळ नसतो. म्हणून बऱ्याच रोपवाटिकाधारकांनी स्वतःची वेबसाईट केली आहे. तीत आपल्या मातृवृक्षांची माहिती, खुंटाचा प्रकार आणि बागेची छायाचित्रे दिलेली असतात.

समजा, बडनेरा परिसरातील एका रोपवाटिकाधारकाने असे पान मेहनतीने लिहिले. खुंट जंबेरीचा की रंगपूर लाईमचा, डोळा जमिनीपासून किती वर भरला, मातृवृक्ष कोणत्या बागेतील, हे सर्व त्याने आपल्या शब्दांत सांगितले. काही महिन्यांनी तोच मजकूर, तीच छायाचित्रे, फक्त फोन नंबर वेगळा, अशा दुसऱ्या वेबसाईटवर दिसू लागली आणि गूगलवर ती याच्या वर आली. नुकसान फक्त याचेच होते असे नाही. कलम कोणत्या खुंटावर आहे आणि डोळा कोणत्या झाडाचा आहे हे रोप पाहून सहसा ओळखता येत नाही. फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि फसगत तेव्हा उघडी पडते. तोपर्यंत जमीन, पाणी आणि मजुरी गेलेली असते. घेणारा शेतकरी शेवटी लिहिलेल्या माहितीवरच विश्वास ठेवतो, आणि इथे ती माहिती एकाची असून माल दुसऱ्याचा आहे.

गूगल असे का करते, हे आधी समजून घ्यावे. एकच मजकूर दोन-तीन ठिकाणी आढळला तर गूगल त्यातील एक प्रत मुख्य धरते व बाकीच्या सहसा मागे ठेवते. मूळ लेखकाला शिक्षा करण्याचा यात हेतू नसतो आणि बहुतेक वेळा मूळ पानच मुख्य धरले जाते. परंतु आपली वेबसाईट नवी असेल, उघडायला फार वेळ घेत असेल किंवा तिच्याकडे येणारे दुवे थोडे असतील, तर निवड चुकू शकते. आपले कोणते पान गूगलने मुख्य मानले आहे, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सेवेत पाहता येते. वेबसाईट करून देणाऱ्या मुलाला ही नोंदणी करायला सांगावे. काम अर्ध्या तासाचे आहे, पण बहुतेकांनी केलेले नसते.

चोर शोधण्यापूर्वी एकदा आपले घर तपासावे. एकच वेबसाईट दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर उघडते काय? जुनी वेबसाईट बंद न करता नवी सुरू केली काय? व्यापारी यादीच्या एखाद्या पोर्टलवर नाव नोंदवताना हाच मजकूर आपणच दिला होता काय? तसे असेल तर ती चोरी नव्हे. पोर्टलचा मजकूर बदलून घ्यावा आणि पूर्ण वर्णन फक्त आपल्या पानावर ठेवावे.

नक्कल शोधण्याची रीत सोपी आहे. आपल्या पानावरील एखादे खास वाक्य, जे दुसरा कोणी सहज लिहिणार नाही असे, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावे. जसेच्या तसे वाक्य जिथे असेल ती पाने समोर येतात. छायाचित्रासाठी ‘गूगल लेन्स’ वापरावे. लागवडीचा हंगाम पावसाळ्यात असतो आणि कलमांची मागणी त्याआधीच सुरू होते, म्हणून ही तपासणी मार्च-एप्रिलमध्ये एकदा अवश्य करावी.

कायद्याने आपले काय आहे

कॉपीराईट कायदा १९५७ नुसार स्वतः लिहिलेल्या मजकुरावर व स्वतः काढलेल्या छायाचित्रावर हक्क त्याच क्षणी निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण ती केलेली असल्यास न्यायालयात सकृतदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते. २०१३ च्या नियमांनुसार लेखी मजकुराच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे.

मात्र हा हक्क शब्दरचनेवर व चित्रावर असतो, माहितीवर नसतो. संत्र्याची लागवड ६ × ६ मीटर अंतरावर केल्यास हेक्टरी २७७ झाडे बसतात, हे कोणाच्याही मालकीचे नाही. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय किंवा वस्तुस्थितीवर कॉपीराईट नसतो, असे स्पष्ट केले आहे. आणि खरे सांगायचे तर रोपवाटिकांच्या वेबसाईटवरील खत-पाण्याचा भाग बरेचदा कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या पुस्तिकेतून शब्दशः उतरवलेला असतो. अशा मजकुरासाठी दुसऱ्यावर तक्रार करू नये; तो आपलाही नाही. शिफारस वापरावी, संस्थेचे नाव द्यावे आणि स्वतःच्या बागेचा अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहावा.

आणखी एक गोम आहे. मजकूर वेबसाईट करून देणाऱ्याने लिहिला असेल आणि तो आपला पगारी नोकर नसेल, तर लेखी करार नसल्यास त्या मजकुराचा मालक तोच राहतो. पैसे दिले म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राबाबत मात्र, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणारा मालक ठरतो. म्हणून ‘मजकुराचे सर्व हक्क रोपवाटिकेच्या मालकास दिले आहेत’ अशी सही केलेली चिठ्ठी बिलाबरोबरच घ्यावी. वेबसाईटचे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे, तेही त्याच वेळी पाहावे.

कारवाई करताना

पहिली चूक रागात होते. नक्कल दिसली की लगेच फोन करून भांडण होते, आणि समोरचा दोन शब्द बदलून मोकळा होतो. आधी पुरावा गोळा करावा. नक्कल केलेल्या पानाचे पूर्ण पत्त्यासह व तारखेसह चित्र घ्यावे, छापील प्रत काढून ठेवावी. ‘इंटरनेट आर्काईव्ह’ या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’वर कोणतेही उघडे पान तारखेसह जतन करता येते, तिथे आपले व त्याचे अशी दोन्ही पाने जतन करावीत. आपले पान तिथे पूर्वीच जतन झालेले असेल तर आपण आधी लिहिल्याचा तो मोठा आधार ठरतो. छायाचित्रांच्या मूळ फाईली पुसू नयेत, कारण तारखेचा तपशील त्यांत असतो. व्हॉट्सअॅपवरून चित्र म्हणून आलेल्या प्रतीत तो तपशील उरत नाही.

यानंतर त्या वेबसाईटच्या मालकास साधे, सभ्य पत्र पाठवावे. आपले कोणते पान, त्याचे कोणते पान, कोणता भाग उचलला ते लिहून काढून टाकण्यास सात दिवसांची मुदत द्यावी. पुष्कळदा मालकाला काही ठाऊकच नसते. वेबसाईट करून देणाऱ्याने जिथे मिळेल तिथून उतरवलेले असते आणि पत्र मिळताच ते काढले जाते.

न काढल्यास ज्या कंपनीच्या संगणकावर ती वेबसाईट ठेवली आहे, त्या होस्टिंग कंपनीकडे जावे. तिचे नाव इंटरनेटवरील ‘हूइज’ नोंदीच्या आधारे शोधता येते. मोठ्या कंपन्यांचा तक्रारीचा स्वतःचा अर्ज असतो. आपल्याकडे कॉपीराईट नियम २०१३ मधील नियम ७५ प्रमाणे मध्यस्थाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार योग्य वाटल्यास मध्यस्थाने ३६ तासांत तो मजकूर पोहोचण्यापासून रोखायचा असतो. परंतु २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर न झाल्यास तो पुन्हा खुला करता येतो, आणि आपण दावा दाखल करू असे लेखी वचन तक्रारीतच द्यावे लागते. म्हणून ही तक्रार नुसते भेवडावण्यासाठी करू नये. दावा करायची वेळ आलीच तर दिल्ली-मुंबईला धावण्याची गरज नाही. कायद्याच्या कलम ६२ नुसार हक्कदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. बडनेऱ्याच्या माणसासाठी ते अमरावतीस आहे.

गूगलकडे वेगळी तक्रार करावी लागते. ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याखाली असते व संकेतस्थळावरील अर्जातून विनामूल्य भरता येते. प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता द्यावा, नुसते वेबसाईटचे नाव देऊन भागत नाही. तक्रार मान्य झाल्यास गूगल ते पान शोधातून काढते, पण मूळ वेबसाईटवर ते तसेच राहते. ज्या वेबसाईटविरुद्ध अशा ग्राह्य तक्रारी फार येतात ती शोधात खाली जाऊ शकते, असे गूगलने ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर केले होते. समोरच्याने हरकत घेतल्यास आपण दावा दाखल केल्याचे दाखवावे लागते, अन्यथा दुवा परत येऊ शकतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास नुकसानभरपाई अंगावर येते.

नक्कल केलेल्या पानावर आपलेच नाव वापरून कलमांसाठी आगाऊ रक्कम घेतली जात असेल, तर तो मामला कॉपीराईटपुरता राहत नाही, ती सरळ फसवणूक आहे. १९३० या सायबर हेल्पलाईनवर त्याच दिवशी कळवावे. पैसे गेलेल्या शेतकऱ्यालाही तेच करायला सांगावे.

पानावर उजवे बटण बंद करणे किंवा मजकूर निवडता येणार नाही अशी व्यवस्था करणे, हे उपाय निरुपयोगी आहेत. चोर अडत नाही, उलट फोन नंबर उतरवून घेणारा गिऱ्हाईक अडतो. त्याऐवजी छायाचित्रात रोपवाटिकेची पाटी दिसेल असे उभे राहावे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा नियमन कायदा आहे. त्याखालील आपला परवाना क्रमांक प्रत्येक पानावर मजकुराच्या मध्येच लिहावा. उतरवणारा घाईत तो क्रमांकही उतरवतो, आणि मग तक्रारीत फार काही सिद्ध करीत बसावे लागत नाही.